सोमवारची भाकर

डॉक्टरीणबाईंनी माझ्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढली, आत पाहिलं आणि विचारलं, "जेवता ना तुम्ही?"

मला रागच आला. वऱ्हाडातल्या बाईला जेवता का म्हणून कोणी विचारतं का? पण रक्ताचा रिपोर्ट टेबलावर होता आणि त्यात हिमोग्लोबिन चांगलंच कमी होतं. आदल्या वर्षी तिसऱ्या महिन्यात माझा गर्भ पडला होता. आता पुन्हा मूल राहू द्यावं का, हे विचारायला आम्ही दोघं अमरावतीच्या त्या दवाखान्यात गेलो होतो. मागचा गर्भ का पडला ते मला नक्की सांगता येणार नाही, असं बाईंनी सरळ सांगितलं. उगीच कारण चिकटवलं नाही, म्हणून मी त्यांचं पुढचं ऐकून घेतलं.

"दिवस राहिल्यावर काळजी घेऊ, असं नका म्हणू. आधी शरीर तयार करा, मग बाळ." फोलिक ॲसिडची गोळी आजपासूनच, लोहाची गोळी, थायरॉइडची तपासणी, आणि रक्त भरून येईपर्यंत थांबायचं. मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "आणि तुमचा तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद. ही तयारी एकट्या बाईची नसते." नवरा बडनेऱ्याला रेल्वेत आहे, पण त्याचा चेहरा विनातिकीट पकडल्यासारखा झाला. मला तेवढंच बरं वाटलं.

"उपास किती करता?"

"सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी."

"आणि त्या दिवशी खाता काय?"

"साबुदाणा. चहा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. उपास बंद, आणि लोहाच्या गोळीच्या आगेमागे चहा नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं.

गुरुवार सोडला, चतुर्थी-एकादशीही सोडली. सोमवार सुटेना. तो साधा सोमवार नव्हता. गर्भ पडल्यावर मी मुलासाठीच सोळा सोमवार धरले होते आणि त्यातले चार झाले होते. मी कॉलेजच्या ऑफिसात काम करते, मांजर आडवं गेलं तरी थांबत नाही. पण हे व्रत मोडलं आणि दुसरंही मूल गेलं, तर? मीच मोडलं म्हणून गेलं, असं जन्मभर वाटत राहिलं असतं. म्हणून गोळ्या घेत राहिले आणि सोमवारही करत राहिले. पुढच्या तपासणीत रक्त जागचं हललं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच चाललं तर मी काही तुम्हाला हो म्हणणार नाही.

घरी आले तर सासूबाई अंबाडी निवडत बसल्या होत्या. त्या मोर्शीकडच्या, बोलायला तिखट. मी घाबरत घाबरत सांगितलं, "आई, डॉक्टर म्हनते सोमवार सोड."

"मंग सोड."

"सोळा सोमवार आहेत. अर्ध्यात कसे सोडू?"

त्यांनी देठं मोडता मोडता थोडा विचार केला. "घरातली दुसरी बाई पुरे करते. चालते तसं. मी करतो. तू जेव."

"या वयात तुमी उपास कराल?"

"या वयात माह्या पोटात कोन वाढून राह्यलं? तुले रक्त पायजे, मले कायले?"

सोमवारी त्यांनी मला पाटावर बसवलं. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल. मोर्शीहून आलेली संत्रीही सोलून ठेवली होती. स्वतः उपाशी, समोर भिंतीला टेकून बसल्या. माझा हात काही ताटाकडे जाईना.

"काहून थांबली? महादेवाले जे इचारायचं ते तो मले इचारन."

"आई, भेव वाटते."

त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाल्या, "माह्यं पयलं गेलं तवा सासू म्हने, उपास धर. मी धरले. मंग दुसरं बी गेलं. गोळी कोनी देल्ली नाही, जेव बी कोनी म्हनलं नाही."

माझ्या नवऱ्याआधी त्यांची दोन गेली होती, हे त्या घरात इतकी वर्षं राहून मला माहीत नव्हतं. कदाचित नवऱ्यालाही नसावं. मला रडू आलं, आणि कोणावर ते कळेना पण खूप रागही आला. मी भाकर मोडली आणि खाल्ली. त्या दिवशी दोन खाल्ल्या.

पुढचे सगळे सोमवार त्यांनी केले आणि मी जेवले. चहा गोळीपासून लांब नेला. नवरा खर्रा सोडून दिवसभर बडीशेप चघळत, माझ्यावर चिडत फिरू लागला. मीही चिडत होते, म्हणजे घर तसं बरोबरीत होतं. उन्हाळा लागायच्या आत रक्त वर आलं. डॉक्टरीणबाईंनी पापणी ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "आता हरकत नाही."

सोळावा सोमवार झाला, उद्यापन झालं. दुसऱ्या दिवशी दोन ताटं वाढली आणि सासूबाईंना पाटावर बसवलं. आनंदात होते. गंमत म्हणून त्यांची पापणी ओढून पाहिली. आत पांढरं फटक होतं. हे काही या सोमवारांनी झालेलं नव्हतं. ते फार जुनं होतं.

"आई," मी विचारलं, "जेवता ना तुमी?"

त्या हसायला लागल्या. "हे बी कोनी इचारते का?"

मी त्यांच्या ताटात आणखी एक भाकर वाढली, आणि संध्याकाळी त्यांना घेऊन त्याच दवाखान्यात गेले.