बहिणीच्या पावलांचे माप

अंगण उजाड होते तेव्हा त्याचा दोष कोणीच स्वतःकडे घेत नाही. जलवाहिनी टाकणारे कामगार टेलर मास्तरांच्या फाटकाच्या आत राडारोडा लोटून गेले. तक्रार केली, तर ‘तो आमचा नव्हेच’ असे उत्तर मिळाले. त्यावर तण माजले, तणात एक मोडकी खुर्ची येऊन विसावली आणि गिऱ्हाइकांनी दुकान बंद पडल्याची समजूत करून घेतली.

मास्तरांनी हे सारे सोसले. थोरल्या बहिणीने येणे सोडले, तेव्हा मात्र त्यांना ते झोंबले. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ती काठीच्या आधाराने चाले. मागच्या खेपेस मास्तर आणि त्यांची बायको अशा दोघांनी तिला उचलून त्या अंगणातून आत नेले होते.

“गाठोड्यासारखं नेलंत मला,” ती फोनवर म्हणाली. “माझ्या पायांनी येता आलं तरच येईन. नाहीतर राहू दे.”

पोरक्या धाकट्या भावाला बोट धरून वाढवणारी बाई ती. तिला उचलून नेणे हा तिचा अपमानच होता.

खिसा बेताचाच होता. मास्तरांनी राडारोडा उपसून त्यातल्याच विटांनी वाफ्यांना कड केली. फरशीवाल्याने टाकून दिलेले तुकडे मागून आणले, उरल्यासुरल्या रंगाने फाटक उजळले, शेजारच्या नर्सबाईंकडून कोरफडीची रोपे मिळवली. मोडक्या खुर्चीला नवी पट्टी विणून ती दारापाशी ठेवली. मग फाटकापासून पायरीपर्यंत त्यांनी फरश्या बसवल्या, त्याही बहिणीच्या पावलाच्या अंतरावर.

“ताईंना आधी विचारा तरी,” बायको म्हणाली.

“तिचं माप मला विचारायला लागतं? तिचे सगळे कपडे मीच शिवलेत.”

“कपडे चालत नाहीत अहो, माणूस चालतं.”

मास्तरांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. आयुष्यभर इतरांना ‘जुन्या मापावर शिवून मागू नका’ असे खडसावणारा हा गृहस्थ!

ताई आली. फाटक पाहून हसली, कोरफडीकडे पाहून मान डोलावली, पहिल्या फरशीवर ठामपणे उभी राहिली आणि तिथेच थांबली. दुसरी फरशी तिच्या पायाच्या आवाक्यात नव्हती. मधल्या भुसभुशीत मातीत काठी रुतत होती.

“काय रे शहाण्या, मी बेडूक आहे का?”

मास्तरांचा चेहरा पडला. त्यांच्या मनातली ताई अजून त्यांना शाळेत सोडायला झपझप चालणारी होती. फरश्या त्या जुन्या ताईच्या पावलांवर बसल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला.

“हात नको. मी परत जाते.”

“जाऊ नकोस. उभी राहा. ट्रायल समज.”

ते आत गेले आणि कात्री घेऊन आले. त्या कात्रीने कोणी कागद कापला, तर मास्तर दिवसभर तोंड फिरवून बसत. तीच कात्री त्यांनी मातीत खुपसली.

“अहो, कात्री!” बायको ओरडली.

“गप्प बस. ताई, तुला जमेल तेवढंच पाऊल पुढे टेक. जोर नको देऊस.”

ताईने पाऊल टेकले. गुडघ्यांवर बसून मास्तरांनी पावलाभोवती रेघ मारली, तिने पाय मागे घेताच तिथे उरलेल्यांपैकी एक तुकडा ठोकून बसवला आणि डुगडुगत तर नाही ना, हे तळव्याने दाबून पाहिले. मग पुढचे पाऊल, पुढची रेघ.

“लहानपणी माझ्या मागेमागे रांगायचास,” ताई म्हणाली, “आता पुढेपुढे रांगतोयस.”

“बोलू नकोस, माप हलतं.”

त्या कामात दुपार कलली. शेवटी काठी पायरीवर टकटकली. ताई कोणाचाही हात न धरता खुर्चीत बसली, मागे वळून त्या वाकड्यातिकड्या, दाटीवाटीच्या रांगेकडे तिने पाहिले.

“शिलाई जरा दाट पडली आहे,” ती म्हणाली. “पण उसवायची नाही. चहा टाक गं. आणि ती कात्री आधी धुऊन दे त्याला, नाहीतर जेवायचा नाही.”