पुन्हा पहिल्यापासून

बिंदुमाधव पाळंदे याला आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून याव्यात असं वाटलं होतं. एक वेद आणि दुसरी बिनतारी यंत्रं. पहिली आली नाही. दुसरी चांगली आली, आणि तिचं त्यानं काय करून ठेवलं तेच सांगायचं आहे.

काशीत ब्रह्माघाटाच्या मागे मराठी मंडळींची घरं आहेत. त्यांतल्या एका घरात नरहर घनपाठींचा हा एकुलता एक मुलगा. घनपाठी म्हणजे वेदातले शब्द पुढून मागे, मागून पुढे, असे गुंफून म्हणणारा माणूस. एक स्वर जरी इकडचा तिकडे झाला तरी त्या गुंफणीत तो पकडला जातो. वडील, म्हणजे अण्णा, ते घडाघडा म्हणायचे. मुलाला मात्र घाम फुटायचा. शिकवताना अण्णांचा नियम एकच होता. चुकलास? पुन्हा पहिल्यापासून. चुकलेला शब्द सुधारून घेऊन तिथूनच पुढे जायची सोय नव्हती.

बारा वर्षांचा असताना एका चैत्रात तो सकाळी सहाला संथेला बसला आणि एकाच ऋचेशी अडखळत राहिला. दुपारी चारपर्यंत अकरा वेळा पहिल्यापासून म्हणून झालं. बाराव्यांदाही जीभ तिथेच वळली. तेव्हा तो उठला, आसन गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं आणि सरळ ठठेरी बाजारातल्या काशीनाथच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसला. अण्णांनी त्याला परत बोलावलं नाही. पुढे पस्तीस वर्षं बापलेक एका घरात राहिले, एका पंक्तीला जेवले, गंगेला पाणी किती चढलं यावर बोलले. त्या दिवसाचा विषय दोघांनीही काढला नाही.

काशीनाथकडे त्याचा हात बसला. बंद पडलेला रेडिओ कानाशी धरून कुठला भाग गेला ते सांगायचा, आणि दहातल्या आठ वेळा बरोबर निघायचं. त्याच जोरावर रामनगरच्या बाजूला निघालेल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तो प्रयोगशाळेचा सहायक म्हणून चिकटला. लग्न झालं. बायको लतिका इथल्याच मराठी घरातली, शाळेत संस्कृत शिकवणारी. एकूण बरं चाललं होतं, आणि ते तसंच राहतं तर हा माणूस पेन्शन घेऊन मजेत पान खात बसला असता. पण कॉलेजला उपग्रह सोडायची हौस आली.

उपग्रह म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं, पोळ्यांच्या डब्याएवढी पेटी. मुलांनी तिचं नाव ठेवलं मैना. सहा वर्षं ती पेटी प्रयोगशाळेच्या टेबलावर होती. तेवढ्यात प्राध्यापक आले आणि गेले, मुलं पास होऊन बंगलोर-हैदराबादला पांगली. टिकून राहिले दोघेच. एक प्रकल्पाचे प्रमुख विश्वेश्वर तिवारी, आणि दुसरा बिंदुमाधव. त्यामुळे मैनेच्या आतल्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम शेवटी या सहायकाच्याच गळ्यात पडला. त्याला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा? बारावी शिकलेल्या माणसानं लिहिलेलं आकाशात फिरणार होतं.

वर किरणांचा मारा असतो. एखादा कण कॉम्प्युटरच्या स्मृतीत घुसला की लिहिलेलं बिघडतं. म्हणून बिंदुमाधवनं तपासणी लिहिली. प्रोग्रामची नऊ पानं होती. जागं झालं की मैनेनं ती एकेक वाचून ताडून पाहायची आणि चूक सापडली तर सगळं बंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. तेव्हा प्रमोदिनी सप्रे नावाची एक विद्यार्थिनी हाताशी होती. ब्रह्माघाटावरचीच मुलगी, पण घराबाहेर पडली की हिंदीतच बोलायची.

"सर, एक पन्ना खराब निकला तो उसे छोड़कर आगे क्यों नहीं जाते?" तिनं विचारलं होतं.

"चुकलेलं घेऊन पुढे जायचं नसतं," बिंदुमाधव म्हणाला. आपण कोणाचं वाक्य बोलतोय हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

दोन हजार बारा साली मैना वर गेली. पहिल्या दिवशी ठरल्याप्रमाणे एक तार तापली, गुंडाळलेली अँटेना सुतारी टेपसारखी सटकन उघडली आणि ती बोलू लागली. दिवसातून दोनतीनदा काशीवरून जायची, दर खेपेला जेमतेम दहा मिनिटं. तिचं बोलणं म्हणजे तारायंत्रासारखी टिकटिक. कॉलेजच्या गच्चीवरच्या खोलीत बिंदुमाधव ती नुसत्या कानानं वाचायचा. पाच महिने असे गेले. त्या पाच महिन्यांत तो जितका सुखी होता तितका आधी नव्हता आणि नंतर तर नाहीच.

मग तो सोमवार आला. सकाळी दहा वाजता मैना रामनगरच्या बाजूनं वर आली आणि नेहमीचं बोलणं सोडून एकच आकडा देऊ लागली. सात. मग पन्नास सेकंद गप्प. पुन्हा सात. आणि शेवटी बॅटरीचा दाब, सात पूर्णांक आठ व्होल्ट, म्हणजे अजून ठीक. खोलीतल्या बाकीच्यांना, म्हणजे विश्वेश्वरजींना आणि यंदाच्या नव्या मुलांना, त्या सातचा अर्थ माहीत नव्हता. तपासणी कुठल्या पानावर अडली त्याचा तो आकडा, आणि तो देण्याची युक्ती बिंदुमाधवचीच. सातव्या पानातलं एक अक्षर किरणानं कायमचं मारलं होतं. मैना सातपर्यंत वाचत होती, चूक दिसली की पहिल्यापासून सुरू करत होती, आणि पुन्हा सातशी येऊन थांबत होती. ती जन्मभर हेच करत राहणार होती.

याहून वाईट पुढे होतं. पहिल्यापासून म्हणजे अगदी पहिल्यापासून. अँटेना पाच महिन्यांपूर्वी उघडलेली, तरी दर खेपेला ती तार पुन्हा तापत होती. दर पन्नास सेकंदांनी बॅटरी खर्ची पडत होती, आणि सौरपट्ट्यांना ती भरून काढणं शक्य नव्हतं.

"क्या हुआ, पालंदेजी?" विश्वेश्वरजींनी विचारलं.

तेव्हा सांगायला हवं होतं. हा माणूस आयुष्यात फारसं खोटं बोललेला नाही, पण त्या दिवशी तोंडातून निघालं ते असं: "लगता है बंदरों ने केबल खींच दी."

काशीत हे सांगितलं की कोणी पुरावा मागत नाही. माकडांनी गच्च्यांवरच्या टाक्यांपासून देवळांतल्या फुलांपर्यंत काहीही सोडलेलं नाही. तीन दिवस सगळे गच्चीवर होते. केबल बदलली, अँटेनेचा खांब उतरवला, पुन्हा चढवला, माकडं चढू नयेत म्हणून पाइपांना ग्रीस फासलं. बिंदुमाधव सगळ्यांत पुढे. हातात पाना, अंगभर ग्रीस, आणि दर खेपेला कानावर हेडफोन लावून तो ऐकायचा. सात. सात. दाब उतरत चालला होता. त्याला वाटत होतं, कदाचित ते अक्षर आपोआप सुधारेल आणि कोणाला कळणारही नाही. मनातून त्याला पक्कं ठाऊक होतं की असं होत नसतं.

घरी लतिकाच्या नजरेतून काही सुटत नाही. बुधवारी तिनं ताट पुढे केलं आणि त्यानं भात नुसता चिवडला.

"अहो, कशाची परेशानी आहे?" ती म्हणाली. "माकडांसाठी माणूस जेवण टाकत नाही."

"माझं चुकलंय," तो म्हणाला. "आणि मी ते माकडांवर ढकललंय."

"मग उद्या जाऊन सांगा."

इतकं सोपं होतं ते. गुरुवारी चहाच्या वेळी त्यानं विश्वेश्वरजींना सगळं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"सोमवार को मालूम था?"

"मालूम था."

मग ते एवढंच म्हणाले, "प्रमोदिनी को फोन लगाइए."

प्रमोदिनीनं बंगलोरहून ऐकून घेतलं आणि जरा चाचरत एक कबुली दिली. टेबलावर चाचणी घेताना दर वेळी नऊ पानं वाचून होईपर्यंत थांबायचा तिला कंटाळा यायचा. म्हणून तिनं अगदी सुरुवातीला चार सेकंदांची एक फट ठेवली होती. त्या चार सेकंदांत 'तपासणी सोड' अशी आज्ञा मिळाली तर मैना तपासणी गाळून सरळ पुढे जाणार होती. उडवण्याआधी ती फट काढून टाकायची होती.

"मैंने निकाली नहीं, सर. भूल गई थी," ती म्हणाली. मग एकदम मराठीत आली. "रागवू नका."

रागावणार कोण आणि कोणावर? बिंदुमाधवनं फोन ठेवला आणि तो आज्ञा लिहायला बसला.

गुरुवारच्या खेपांना मैना क्षितिजालगत गेली, आज्ञा पोचली नाही. शुक्रवारी अकरा वीसला ती डोक्यावरून जाणार होती. दाब सहा पूर्णांक दोनवर आला होता. सहाच्या खाली बॅटरी मरते. त्यांनी आज्ञा सारखी पाठवत ठेवली, म्हणजे दहातली एखादी तरी त्या चार सेकंदांत पडेल. पहिली तीन मिनिटं, सात. पाचव्या मिनिटाला, सात. सहाव्या मिनिटाला पन्नास सेकंद उलटले तरी आकडा आला नाही, आणि मग ओळखीची टिकटिक सुरू झाली. मैनेनं स्वतःचं नाव सांगितलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

बिंदुमाधवनं वाजवल्या नाहीत, कारण नावामागून आलेला आकडा तो ऐकत होता. सहा पूर्णांक शून्य. त्यानं घाईघाईनं दुसरी आज्ञा सोडली, की सगळं बंद कर, बोलूही नकोस, नुसती उन्हात पडून राहा. ती पोचली की नाही ते कधीच कळलं नाही. मैना पुन्हा आपलं नाव सांगायला लागली आणि निम्म्यावर थांबली.

त्यानंतर अकरा दिवस ते दर खेपेला ऐकत राहिले. काहीही आलं नाही. सोमवारी सात पूर्णांक आठ होते. सोमवारी चहाच्या वेळी त्यानं खरं सांगितलं असतं तर फोन सोमवारीच गेला असता, आणि मैना मंगळवारी बरी झाली असती. ह्या हिशोबाला कुठूनही पळवाट नव्हती, आणि त्यानं शोधलीही नाही.

विश्वेश्वरजींनी अहवालात लिहिलं, अंतराळातील किरणांमुळे बिघाड. कोणाचं नाव नाही, आणि सोमवार ते गुरुवारबद्दल एक शब्द नाही. भल्या मनानं केलं त्यांनी. शिव्या दिल्या असत्या तर बिंदुमाधवला निदान कुठे तरी तोंड लपवता आलं असतं. मुलंही त्याला पूर्वीसारखंच सर म्हणत होती. ते त्याला सोसत नव्हतं.

बाराव्या दिवशी सकाळी अण्णा संध्या आटोपून ओसरीवर बसले होते. ब्याऐंशी वर्षांचे, पण आवाज खणखणीत. बिंदुमाधव त्यांच्यासमोर जमिनीवर बसला, पस्तीस वर्षांत बसला नव्हता तसा, आणि त्यानं सगळं सांगितलं. पानं, सात, माकडं, बॅटरी. आणि तपासणीचा नियम मुळात कुठून आला तेही.

"अजून वर आहे का ते?" अण्णांनी विचारलं.

"आहे. आणखी काही वर्षं फिरेल. बोलणार नाही."

"तू चुकीचं लिहिलंस," अण्णा म्हणाले. "पहिल्यापासून हे सभेत नसतं. मी साठ वर्षं सभेत म्हणतोय, कितीदा अडखळलो असेन. शेजारचा शब्द उचलून देतो आणि सगळे पुढे जातात. कोणी थांबत नाही. थांबलं तर पठण कधी पुरंच व्हायचं नाही."

"मला हे कधी सांगितलं नाहीत."

"कच्चं असेतो पहिल्यापासून. तेही बारा वेळा." अण्णांचा आवाज आता तितका खणखणीत नव्हता. "बाराव्यांदाही अडला तर गुरूनं तो शब्द द्यायचा आणि मुलाला पुढे न्यायचं. माझ्या वडिलांनी मला तसंच नेलं. त्या दिवशी मी शब्द द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात तू उठलास."

"मग बोलावलं का नाहीत?"

अण्णांनी संध्येचं पळीपंचपात्र बाजूला सारलं.

"वाटलं, तू परत येशील," ते म्हणाले. "मग उशीर झाला."

गल्लीतून दूधवाला सायकलची घंटी वाजवत गेला. बिंदुमाधवनं घड्याळ पाहिलं. साडेनऊला मैना काशीवरून जाणार होती. तो उठला, चपला घातल्या आणि कॉलेजला गेला. गच्चीवरच्या खोलीत त्यानं कानाला हेडफोन लावले आणि दहा मिनिटं ऐकलं. मग नोंदवहीत तारीख घातली आणि पुढे लिहिलं, आवाज नाही.