द्राक्षांचा वास

आमच्या बाईंना द्राक्षं खाताना कुणी पाहिलं नाही. सोलापुरात राहून, तेही ऐन मार्चमध्ये, रस्तोरस्ती गाड्यांवर घडांचे ढीग लागलेले असताना! घरी गेलं की कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा आग्रह करतील, पण द्राक्षांना दाराच्या आत मज्जाव. विचारलं तर म्हणायच्या, "दिवसभर तोच वास घेते की. परत घरात कशाला?"

बाई मूळच्या बार्शीकडच्या. आमच्या फार्मसी कॉलेजात शिकवायच्या, मी त्यांच्या हाताखाली काम करायची. 'मॅडम' म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. भाजलेली जखम चिघळली तर तिच्यावर झाडपाल्याचं मलम चालेल का, हा त्यांचा ध्यास. चिघळवणाऱ्या जंतूंत एक जात अशी, की ती वाढली की पिकलेल्या द्राक्षांसारखा गोडसर वास सुटतो. बाईंना तो दारातूनच यायचा. जंतू वाढवायचं कपाट उघडायच्या आत म्हणायच्या, "आली बघ बया!" आणि उघडावं तर काचेची बशी हिरवीगार. पहिल्यांदा हसू आलं, मग अंगावर काटाच आला. बशीला नाक लावायचं नाही, हा नियम आम्हाला शिकवणाऱ्या त्याच. पण स्वतः खुशाल वाकायच्या. "माझं नाक जुनं झालंय. तुमची नाकं अजून लग्नाची हायत."

तपासायची रीत साधी. बशीत जेली थिजवून तिच्यावर जंतू पसरायचे, मधे भोक पाडून मलम भरायचं आणि बशी उबेच्या कपाटात ठेवायची. मलमात दम असेल तर भोकाभोवती जंतू उगवत नाहीत, स्वच्छ गोल उरतो. पुस्तकात त्याला लांबलचक इंग्रजी नाव आहे. बाई त्याला 'अंगण' म्हणायच्या. सकाळी आल्या आल्या पहिला प्रश्न, "अंगण पडलं का गं?" कडुलिंबाचं एवढंसं पडलं तेव्हा तोंड वाकडं करून म्हणाल्या, "ह्यात सडा टाकायला तरी जागा हाय का?"

त्यांचा जीव दगडी पाल्यावर. बांधावर उगवणारा तो पाला लहानपणी विळा लागला की आम्ही सगळेच चोळून लावायचो. दगडी पाला आणि हळद एकत्र केल्यावर चांगलं ऐसपैस अंगण पडलं. मी नाचायचीच बाकी होते. बाई मात्र म्हणाल्या, "हे कपाटातले जंतू पाळीव हायत, मांजरावानी. माणसाच्या जखमेतला वाघ आण, मग बघू."

मागच्या हिवाळ्यात न्हाणीत उकळत्या पाण्याची बादली त्यांच्या पायांवर कलंडली. त्यात शुगर. मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा भरदुपार होती, सगळीकडे फिनेलचा वास. बाई डोळे मिटून पडलेल्या. एकदम म्हणाल्या, "द्राक्षं कोण घेऊन आलं?"

मी पिशवी उघडून दाखवली. "कुणीच नाही हो बाई." शेजारची खाट रिकामी होती.

त्यांनी डोळे उघडले. स्वतःच्या पट्टी बांधलेल्या पायांकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग चक्क हसल्या. "अगंबाई! मीच की!"

ते हसणं मी मरेपर्यंत विसरणार नाही. पुढे रिपोर्ट आला, तोच जंतू निघाला. औषधं चालू होती, ताप हटत नव्हता. माझ्या पर्समध्ये मलमाची डबी होती. मी रडकुंडीला येऊन विचारलं, "डॉक्टरांशी बोलू का? लावून तर बघू."

"खबरदार!" केवढ्या ओरडल्या! "मी बरी झाले तर म्हणशील मलमानं झाले. मेले तर म्हणशील मलमानं मेले. एका माणसावरनं काय कळतंय, येडे?" मग दमून हळूच म्हणाल्या, "त्यापेक्षा डॉक्टरांना सांगून माझा वाघ घेऊन जा. न्हायतर आयता आलेला वाया जाईल."

त्यांनी स्वतः सही करून परवानगी दिली. वाघ कॉलेजात पोचला आणि बाई गेल्या. जंतू रक्तात पसरला होता.

आमच्याकडे जंतूला, तो ज्याच्या जखमेतून आला त्याच्यावरून नाव देतात. मी नळीवर लिहिलं, 'बाई'. अधूनमधून त्याला नव्या बशीत वाढवावं लागतं, नाहीतर तो मरतो. म्हणजे मी बाईंना खायला घालते, उबेत ठेवते, सकाळी उघडते. आता माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुली म्हणतात, "मॅडम, आज बाई छान उगवल्यात." मी त्यांना झापते खरी, पण आता मलाही वास दारातूनच येतो.

आमच्या ऐसपैस मलमाला त्या वाघानं दाद दिली नाही. पुन्हा कुटलं, पुन्हा गाळलं, प्रमाण बदललं. काल सकाळी कपाट उघडलं, तर भोकाभोवती लख्ख, रुंद अंगण. मुली ओरडल्या. मी बशी हातात घेतली आणि मनात आलं, हे मलम खरंच चाललं तर बाईंचं जे काही उरलंय, ते मीच माझ्या हातानं मारणार.

मुली बाहेर गेल्यावर मी नियम मोडला. झाकण किलकिलं करून वाकले. अंगणाच्या पार कडेला, जिथं हिरवं उरलं होतं, तिथून वास आला. गोड, पिकलेला.

देवाशप्पथ सांगते, मला बरं वाटलं.