विमलवहिनी, मी आणि डेन्मार्कमधलं ते स्वयंपाकघर

"तिथं जाता येते काय वं आपल्याले?" टीव्हीकडे बघत विमलवहिनींनी विचारलं. मला वाटलं, गावाकडे जायचं म्हणताहेत. त्या डेन्मार्कबद्दल विचारत होत्या.

आधी आमच्याबद्दल सांगते. मी कुंदा. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले, नागपुरात नंदनवनला राहते. विमलवहिनी माझ्या मोठ्या भावाची, सुधाकरची बायको. भाऊ आमच्या गावी, कुहीकडे, शेती करायचा. पाच वर्षांपूर्वी एका सकाळी मोटरपंपाचा पट्टा आणतो म्हणून निघाला, तो परत आलाच नाही. त्याची मोटरसायकल बसस्टँडवर कुलूप घालून नीट लावलेली सापडली. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, देवळं आणि दवाखाने झाले. वर्षभरानं मी वहिनींना माझ्याकडे घेऊन आले. गावात आमचे चुलतभाऊ गुलाबदादा आहेत. ते प्रत्येक सणाला तोच विषय काढायचे. "विमल, आता क्रियाकर्म करून टाकू. किती दिवस असं लटकत ठेवतं?" वहिनी उठून आत निघून जायच्या. मीही गप्पच. भावाचं नाव आमच्या घरात निघेनासं झालं होतं.

मागच्या हिवाळ्यात मी ती डॅनिश मालिका लावली. समुद्रकाठचं एक लहान गाव, बंदरात काम करणारा एक माणूस पहिल्याच भागात नाहीसा होतो आणि तपास सुरू होतो. बोलणं डॅनिशमध्ये, खाली इंग्रजी अक्षरं. वहिनींना इंग्रजी येत नाही, म्हणून मी प्रत्येक वाक्य मोठ्यानं आपल्या बोलीत सांगायची. त्यामुळे आमच्या घरात डेन्मार्कची पोलीस अधिकारी "तुमी काल संध्याकाळी कुठी होते जी?" असं विचारायची.

दोन भागांनंतर मला ती बंद करावीशी वाटली. विषयच तसा होता. वहिनी म्हणाल्या, "राहू दे. काहून बंद करतं?" मग लक्षात आलं की त्यांना खुनी कोण यात फारसा रस नाही. अशा मालिकांत माणूस गेला की कॅमेरा पोलिसांच्या मागे पळतो. इथे तो त्या माणसाच्या घरीच थांबायचा. त्याची बायको स्वयंपाकघरात बटाटे सोलायची, नळ बंद करायची, खिडकीबाहेर बघायची. कोणी घाईत नसायचं. वहिनी हे सगळं असं बघायच्या, जसं शेजारच्या घरात काय चाललंय ते बघावं.

त्या प्रश्नानंतर मी शोधाशोध केली. मालिकेतलं घर खरं निघालं. घरमालकीण वरची खोली पाहुण्यांना देते, हेही कळलं. गावाचं आणि मालिकेचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण दाराशी फोटोवाल्यांची गर्दी होऊ नये अशी तिची विनंती आहे. वाचकांनी माफ करावं.

आम्ही मे महिन्यात निघालो. कोणाला जायचं असेल तर व्हिसाचं तीन-चार महिने आधीच मनावर घ्या. बोटांचे ठसे द्यायला आम्हाला मुंबईला जाऊन यावं लागलं. नागपूरहून दोहा आणि तिथून कोपनहेगन, एकदाच विमान बदलायचं. सामानात दुधा-तुपाचं काही नेऊ नका. आमचा चिवडा आणि जवसाची चटणी मात्र सुखरूप पोचली. नागपुरात पारा पंचेचाळिसाकडे चालला होता आणि कोपनहेगनला उतरल्यावर वहिनींनी दोन स्वेटरांवर शाल घेतली. "कुलरची हवा अशी पाह्यजे होती आपल्या घरी," एवढंच बोलल्या.

पहिले दोन दिवस शहरात काढले. सायकलींचा रस्ता वेगळा असतो, त्यावर चुकूनही उभं राहू नका. एका बाईनं वहिनींना घंटी वाजवून असं हाकललं की त्या दिवसभर पाय जपून टाकत होत्या. खाणं महाग. दोन कॉफींच्या पैशात आमच्या चौकातल्या अख्ख्या रांगेला तर्री-पोहे खाऊ घालता येतील. राईच्या काळ्या ब्रेडवर बटाट्याच्या चकत्या आणि कांदा असा एक प्रकार मिळतो, तो शाकाहारी माणसाला तारतो. वर जवसाची चटणी भुरभुरली की उत्तम.

तिसऱ्या दिवशी उत्तरेकडे निघालो. हिलेरॉडपर्यंत शहरी रेल्वे, पुढे लहानशी स्थानिक गाडी. दोन्हीकडे पिवळीजर्द शेतं पसरली होती. वहिनी खिडकीला नाक लावून बसल्या. "मोहरीच्या जातीची दिसून राहिली," त्या म्हणाल्या. "पण धुरा कुठी हाय? एवढ्या मोठ्या वावराले बांधच नाही."

घरमालकीण किर्स्टन स्टेशनवर घ्यायला आली होती. सत्तरी ओलांडलेली, उंच, पांढऱ्या केसांची, इंग्रजी स्वच्छ बोलणारी. घर बंदरापासून चालत पाच मिनिटांवर. वहिनी थेट स्वयंपाकघराच्या दाराशी गेल्या आणि उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"हेच काय वं? किती लहान हाय. अन् उजेड किती!"

मी भाषांतर केलं तशी किर्स्टन हसली. "शूटिंग नोव्हेंबरात झालं. तरी दिग्दर्शकाला उजेड जास्तच वाटायचा. खिडकीबाहेर काळं कापड लावायचे आणि टेबलावरचा तेवढा एक दिवा चालू ठेवायचे. महिनाभर माझ्या घरात संध्याकाळच होती."

मग कॉफी आणि दालचिनीचे रोल समोर ठेवून ती सांगत बसली. सगळं युनिट मोज्यांवर वावरायचं, बूट बाहेर. फ्रिजची घरघर आवाजात येते म्हणून तो बंद करावा लागायचा, आणि परत चालू करायचं राहू नये म्हणून आवाजवाला स्वतःच्या गाडीची चावी फ्रिजमध्ये ठेवायचा. चावीशिवाय घरी जाणार कसा! बटाटे सोलण्याचं एक दृश्य दिवसभर चाललं आणि संध्याकाळी सगळ्यांनी तेच बटाटे उकडून लोण्याबरोबर खाल्ले. वहिनींना हे फार आवडलं. "वाया नाही घालवले, चांगलं केलं."

"आणि तो कोट?" मी विचारलं. ज्यांनी मालिका पाहिली आहे त्यांना तो प्रसंग आठवेल. नाहीशा झालेल्या माणसाचा कोट दाराजवळच्या खुंटीवर असतो. बायको तो काढते, ब्रशनं झटकते आणि परत तिथेच अडकवते. एक शब्द नाही.

किर्स्टन म्हणाली, "ते तसं लिहिलेलंच नव्हतं. ती कोट घडी करून देऊन टाकते, असं होतं. म्हणजे प्रेक्षकांना कळेल की ती सावरली. पण ती नटी कोट हातात घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, मला हे जमत नाही, हिला अजून नवऱ्याबद्दल कोणी काहीच सांगितलेलं नाही. काम थांबलं. लेखिका इथेच बसली होती, तुम्ही बसलात तिथे. वाद झाला. शेवटी दिग्दर्शकानं मला विचारलं, घर तुमचं, तुम्ही काय कराल? मी म्हटलं, धूळ झटकीन."

मी हे सगळं वहिनींना सांगितलं. त्यांनी कप बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "कुंदा, इले सांग. माहा नवरा पाच वर्षांपासून घरी नाही आला."

मी ते इंग्रजीत सांगितलं. माझ्याही तोंडून ते वाक्य कधी निघालं नव्हतं. मला वाटलं, आता किर्स्टन अरेरे म्हणेल, धीर देईल, काळ हेच औषध वगैरे. तिनं फक्त विचारलं, "त्यांचं नाव काय?"

आमच्याकडे हे कोणी विचारत नाही, कारण नाव सगळ्यांना माहीत आहे. "सुधाकर," वहिनी म्हणाल्या. किर्स्टननं ते दोनदा म्हणून पाहिलं, "सुदाकर, सुदाकर." मग तिचा दुसरा प्रश्न: "कसे आहेत ते?"

आहेत, असंच विचारलं तिनं. आणि वहिनी बोलू लागल्या. की त्यांना पालीची भयंकर भीती वाटते. की बैलांशी बोलताना ते आवाज बारीक करतात. की लग्नानंतर वहिनी पहिल्यांदा माहेरून परत आल्या, तेव्हा भावानं स्वतः भाकरी करून ठेवली होती, ती इतकी जाड की दोघांनी हसत हसत कुत्र्याला घातली. मी भाषांतर करत होते आणि माझ्याच भावाबद्दल नव्यानं ऐकत होते. मध्येच माझं इंग्रजी सुटलं, मी रडायला लागले. वहिनी थांबल्या नाहीत. मराठीतच सांगत राहिल्या, आणि किर्स्टन मान हलवत ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी बंदरावर गेलो. मासेमारीच्या निळ्या बोटी, जाळी, बोचरा वारा. वहिनी वाळूत उतरल्या, पाण्यात हात घालून पटकन बाहेर काढला आणि "बापा!" म्हणून ओरडल्या. पाच वर्षांत मी त्यांना इतक्या मोठ्यानं काही बोलताना ऐकलं नव्हतं. निघताना किर्स्टननं त्यांना मिठी मारली. वहिनींना ती सवय नाही, त्या लाकडासारख्या उभ्या राहिल्या, पण आगगाडीत म्हणाल्या, "त्या बाईनं मले एकबी सल्ला नाही देला."

परत येऊन आता दोन महिने झाले. लोक विचारतात, एवढ्या लांब जाऊन एक स्वयंपाकघरच पाहिलं? हो, तेच पाहिलं. कोपनहेगनची बाकी ठिकाणं तुम्हाला कुठेही वाचायला मिळतील.

गेल्या आठवड्यात धानाच्या रोवणीसाठी आम्ही गावी गेलो. दुपारी बांधावर जेवायला बसलो आणि गुलाबदादांनी नेहमीचा विषय काढला. मी ताट खाली ठेवलं. वहिनी या वेळी उठल्या नाहीत.

"दादा, तुमाले बी जीव लागला होता त्याइचा, मले समजते. पण ते गेले हे मले ठाऊक नाही, अन् येतील हेबी ठाऊक नाही. क्रिया मी करणार नाही. तुमी फक्त त्याइचं नाव घेत जा. गप्प नका राहू."

हातातला घास तसाच ठेवून दादा चिखलात रोवणाऱ्या बायांकडे वळले. मग हळू आवाजात म्हणाले, "तळ्यात पवायले त्याले मीच शिकवलं होतं. बुडता बुडता माह्या कानाले असा चावला होता..." आणि कानाला हात लावून ते आधी हसले, मग डोळे पुसू लागले.

"मंग?" वहिनींनी विचारलं आणि त्यांच्या ताटात भात वाढला. "मंग काय झालं, सांगा ना."