पेडगावची पाऊलवाट उत्तर ध्रुवाजवळ

मैत्रिणींनो, आज सकाळपासून माझं कॉम्प्युटरशी भांडण चालू होतं.

लकवा मारल्यापासून आमच्या ह्यांना पेडगावच्या शेतात जाता येत नाही. घरापासून विहिरीपर्यंतची त्यांची पाऊलवाट मला नकाशावर काढून दाखवायची होती. उपग्रहाचा तयार बेसमॅप, म्हणजे खाली अंथरायचा नकाशा, उघडला. त्यात ढाबे नावानिशी आहेत, ही वाट मात्र नाही.

काल मी स्वतः त्या वाटेने जाऊन मोबाइलवर जागोजागचे अक्षांश-रेखांश टिपले होते. आज ते सॉफ्टवेअरमध्ये भरले, तर रेषा थेट उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात.

कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी आधी अक्षांश, मग रेखांश असं छडी दाखवून शिकवलेलं. या शहाण्या सॉफ्टवेअरला आधी रेखांश हवेत. तसं ठळक लिहायला काय झालं होतं?

हे खुर्चीतून हसायला लागले. "अगं, मला शेतात जायचं हाय. बर्फात कशाला न्यायलीस?"

आकड्यांची अदलाबदल केली आणि रेषा पेडगावात उतरली. हे रेषेवरून नजर फिरवत मध्येच एका जागी थांबले. मग म्हणाले, "इथं चिंच व्हती. ती पडली म्हणून तू सरळ गेलीस. आमी मनात अजून वळसा घालूनच जातो."

मी त्यांचा हात माऊसवर ठेवला, वर माझा ठेवला. वळसा घालून आम्ही विहिरीपर्यंत गेलो.

तुमच्या घरात आहे का कुणाची अशी वाट? विचारा आजच.

आमची रेषा जरा वाकडीतिकडी आली आहे. कुणी सरळ करून द्यायला येऊ नये.