पिंपाचं बूच

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही – कदाचित म्हणूनच जमेल.

रिहे गावात आमची जांभळाची वाइनरी आहे. आजोबांनी सुरू केलेली, ते गेल्यावर बंद पडलेली. बाबांनी आणि सुरेखाकाकूने ती पुन्हा उभी केली – म्हणजे, खरं तर काकूनेच. जुनी लाकडी पिंपं तिने घासली, त्यांना गंधकाचा धूर दिला. दाराची किल्ली तिच्या खुंटीवर असायची. आतला नियम मात्र लोणच्याच्या बरणीचा : पाळीच्या दिवसांत बाईने जायचं नाही. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, मनातल्या मनात हसायचे. तोंडाने कधी काही बोलले नाही. मी फारसं बोलतच नाही.

पहिलंच पिंप आंबलं. बूच काढताच व्हिनेगरसारखा भपकारा आला.

त्या दिवशी घरात जो तो दुसऱ्याकडे बघत होता. कोण आत गेलं होतं? कधी? आत्याने सरळ काकूलाच धरलं.

“खरं सांग सुरेखा, बाजूला असताना शिवलीस ना पिंपाला?”

“न्हाई वो वन्सं, पोरांची शपथ.”

“मग काय आपोआप आंबली व्हय?”

काकूने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडेच का? तिला काही कळलं होतं का? तेवढ्यात आत्या माझ्याकडे वळली, “तू बघितलंस का गं हिला आत जाताना?”

मी मान डोलावली. एकदाच.

आत मी गेले होते. पाळीतच – पण त्याने वाइन आंबत नाही, हे मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. फोटोसाठी मी बूच काढलं आणि परत नीट ठोकलं नाही; फटीतून हवा आत जात राहिली. दुसऱ्या दिवशी पिंपाभोवती चिलटं दिसली. तरी गप्प राहिले. ज्या नियमाला हसायचे, त्याच्याच आड लपले.

बाबांनी काकूकडून किल्ली काढून घेतली. आता ती माझ्याकडे असते. शनिवार-रविवारी पाहुणे येतात, त्यांना वाइनरीचा इतिहास मीच सांगते. तो आजोबांवरून थेट बाबांवर येतो. काकू अंगणात ग्लास विसळत ऐकत असते. उंबरा ती ओलांडत नाही.

परवा मी किल्ली घेऊन निघाले, तर वर न बघता म्हणाली, “बूच घट बसव गं.”

सहज म्हणाली असेल? की तेव्हापासून माहीत आहे तिला? मी “हो काकू” म्हणाले आणि आत गेले.