काकांनी हुमाण घातलं नाही

सोमवार, १८ मे. दुपारभर भिरंडं फोडत बसले होते. भिरंडं म्हणजे रातांबे, कोकमाची फळं. दोन टोपल्या झाल्या होत्या, तिसरी बाकी होती, आणि सालं मीठ लावून वेळेवर उन्हात पडली नाहीत तर वर्षभराची सोलं गेलीच म्हणून समजायचं. हात कोपरापर्यंत लाल. त्या लाल हातांनी दुपारभर मी एकाच माणसावर खूश होते. हा माणूस म्हणजे माझे पार्सेचे काका, वडिलांचे धाकटे भाऊ. यांनी आयुष्यात एकाही माणसाला सरळ प्रश्न विचारलेला नाही.

आमच्याकडे कोड्याला हुमाण म्हणतात. लहान मुलांना जेवणाआधी गप्प बसवायला आजवर पुष्कळांनी हुमाणं घातली असतील, पण काकांची हुमाणं आकड्यांची असत आणि त्यांना वेळकाळ नसे. पार्सेला त्यांचं किराणा दुकान होतं. दारात एक लांब बाक. साखर घ्यायला आलेल्या बाईला साखर मिळायची, पण आधी, "सांग गो, पाचावर काय बसता?" ती बिचारी "शून्य बसलं तर पन्नास होतात" असं काहीतरी पुटपुटायची. "धारण बसता, धारण!" म्हणून काका स्वतःच इतके हसायचे की तराजूचं पारडं डोलायचं आणि वजन पुन्हा करावं लागायचं. शाळेतून परतणाऱ्या पोरांना विचारायचे, "अठरा गुणिले वीस?" पोरं एका सुरात ओरडायची, "तीनशे साठ!" काका शांतपणे मान हलवायचे. "दारिद्र्य. अठराविश्वे." शेवटी एकदा मास्तर दुकानात आले आणि त्यांनी हात जोडले, कारण दोन मुलं परीक्षेत खरोखर तसं लिहून आली होती.

सकाळी भोंगा वाजवत सायकलवरून येणारा पोदेर, म्हणजे पाववाला, तर कायमचं गिऱ्हाईक. टोपलीतले उंडे, ते गोल पाव, गरम असताना काका त्याचं हॅण्डल धरून ठेवायचे. "तेरांतून तीन किती वेळा काढशीत?" पोदेर बोटं मोजून म्हणायचा, "चार फावटी. आनी एक उंडो उरता." काका म्हणायचे, "एकदाच रे! दुसऱ्यांदा काढतलंस तेव्हा ते तेरा खंय रवले? धा झाले मरे!" पोदेर गंभीरपणे म्हणायचा, "बापू, पाव थंड जाले." पुढच्या गल्लीत रोज थंड पाव जायचा आणि त्या गल्लीतल्या बायका पोदेराला नाही, काकांना शिव्या घालायच्या.

यावरून कुणाला वाटेल की काका गणितात मोठे हुशार असतील. तसं काही नव्हतं. चार वस्तूंची बेरीज त्यांना कागदावरसुद्धा जमत नसे. बेरीज आली की ते आत हाक मारायचे आणि काकी चुलीपाशी बसूनच भाजी चिरता चिरता आकडा सांगायची. तो कधी चुकला नाही. काकी म्हणजे या सगळ्या कारभाराचा पाया. नवं हुमाण आधी तिच्यावर करून बघितलं जायचं. ती हसली, तर ते सोपं आहे म्हणून टाकून द्यायचं. तिने विळीवरून मान वर न करता "शी" म्हटलं, तर ते पास. तेव्हा मोठा भाव असलेली हुमाणं सगळी "शी" मिळवून आलेली असत. तिच्यावरही काकांनी एक केलं होतं. पाहुण्याला काकीने "दोन घास खाऊन जा" म्हटलं की काका विचारायचे, "दोन घासांत चपात्या किती?" आणि पाहुणा पाचवी चपाती तशीच हातात धरून ओशाळायचा. उत्तर असं की, तिच्या हातचं असेल तर मोजणारा मूर्ख. काकी यावरही "शी"च म्हणायची, पण सहावी चपाती वाढायची.

काकी गेल्यावर दुकान बंद झालं. बाक उचलून व्हरांड्यात ठेवला. बाकावर बसणारे बरेचसे काकीच्याच मागोमाग गेले, आणि उरलेल्यांच्या नातवंडांना हुमाण घातलं तर ती मोबाइलमध्ये बघून पटकन उत्तर देतात. काकांना उत्तराचं काही वाटत नाही. "पण तेंका थांबूक नको?" एवढंच ते म्हणतात.

आता माझी बाजू. मी मयेला दिलेली. तळ्याजवळ आमच्या दोन खोल्या आहेत, त्या मी सहलीला येणाऱ्या लोकांना भाड्याने देते, त्यामुळे सकाळचा नाश्ता, चादरी, पाण्याचा पंप या गोष्टी माझ्या डोक्यात असतात. हुमाणं नसतात. काकांनी मला घातलेल्या हुमाणांना मी लहानपणापासून एकच उत्तर देत आले, "काका, काम आहे." शिवाय चार वर्षांमागे त्यांनी माझ्या चुलतभावाचं जमत आलेलं लग्न घालवलं होतं. मुलीचे वडील कुठल्याशा कॉलेजात शिकवणारे. काकांनी चहाबरोबर विचारलं, "एकापेक्षा अर्धो जास्त शहाणो माणूस गावात इलो, तर गावाचो फायदो काय तोटो?" गृहस्थांनी दोन मिनिटं विचार करून "फायदा" म्हणून सविस्तर कारणं दिली. काका म्हणाले, "तोटो. तो दीडशहाणो." चहा अर्धा टाकून ती मंडळी गेली ती गेलीच.

त्यामुळे माझ्या मुलीला, मुक्ताला बघायला कारापूरची मंडळी येणार ठरलं तेव्हा मी काळजी घेतली. बघणं नावालाच होतं. मुलगा आणि मुक्ता म्हापशाला एकाच ऑफिसात, दोघांचं आपसात केव्हाच ठरलेलं. पण तिकडे थोरली माणसं येऊन बसल्याशिवाय आणि बोलल्याशिवाय सुपारी फुटत नाही. माझ्याकडे थोरलं माणूस म्हणजे काकाच. शनिवारी त्यांना पार्सेहून आणलं आणि जेवायला वाढताना बजावलं, "काका, उद्या एक पण हुमाण घालायचं नाही."

"एक पण?"

"एक पण. मुक्ताची शपथ आहे."

काकांनी घास खाली ठेवला. "मगे बोलूं काय?"

"लोक बोलतात ते. पाऊसपाणी. काजूचा भाव."

"काजूचो भाव तेंकाय म्हायत, माकाय म्हायत. मगे विचारूचो कित्याक?"

मी आमटी वाढली.

रविवारी काकांनी शब्द पाळला. इतका पाळला की न्हाव्यापुढे बसलेल्या माणसासारखे ते खुर्चीत ताठ बसून राहिले. मुलाचे वडील बोलके, प्रसन्न गृहस्थ. "काका, बरे आहात?" "हं." "प्रकृती?" "हं." मग त्या गृहस्थांनी ताटलीतल्या करंज्या घेताना मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "मी बाबा पाच घेतल्या." काकांचा चेहरा लालबुंद झाला, ते तांब्या उचलून गटागटा पाणी प्यायले. थोड्या वेळाने ते गृहस्थ घड्याळाकडे बघत म्हणाले, "दीड वाजला की हो." काकांनी दोन्ही ओठ आत ओढून घेतले आणि छताकडे पाहिलं. मला वाटलं, किती समंजस झालाय माणूस. मंडळी जेवून, हात धुऊन, नीट निरोप घेऊन गेली. जाताना मुलाचे वडील जरा गप्प वाटले, पण मे महिन्यात भरल्या पोटी कोण बोलतं? दिवस उतरताना मी काकांना पार्सेला सोडून आले आणि त्यांना मुद्दाम शाबासकी दिली. त्यांनी नुसतं "हं" केलं.

आणि सोमवारी तिसऱ्या टोपलीला हात घातला तोच फोन वाजला. माझे हात लाल, म्हणून चार दिवस रजेवर असलेल्या मुक्ताने तो माझ्या कानाला धरला. कारापूरहून मुलाचे वडील होते.

"वहिनी, रागावू नका. मुलांचं काय, त्यांचं ठरलेलंच आहे. पण तुमच्या काकांच्या मनात नसेल तर आम्ही पुढे पाऊल टाकत नाही."

"काकांच्या मनात नाही असं कोण म्हणालं? ते तर काही बोललेच नाहीत!"

"तेच तर. मला त्यांनी हुमाण घातलं नाही."

मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी काजूच्या मोसमात बी विकत घ्यायला ते पार्सेला यायचे आणि काकांच्या बाकावर टेकायचे. त्या बाजारात सगळ्यांना एक गोष्ट माहीत होती. काकांचं ज्याच्याशी जमे त्याला हुमाण मिळे, मग तो कोण का असेना. ज्याच्याशी व्यवहार नको असे, त्याला काका चहा पाजत, "हं" म्हणत आणि वाटेला लावत. भांडण नाही, अपमान नाही. माणूस आपोआप ओळखायचा आणि पुढच्या दुकानात जायचा. "मला दर मोसमात घालायचे हो ते," मुलाचे वडील म्हणाले. "काल येताना वाटेत बायकोला सगळी जुनी म्हणून दाखवली. त्यांना आठवण व्हावी म्हणून मी पाच करंज्यासुद्धा घेतल्या. मला डायबिटीस आहे वहिनी."

मुक्ताने फोन कानापासून काढला तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. "आई, तू शपथ घातलीस ना त्यांना? आता तूच सोडव," ती म्हणाली आणि आत गेली. मी तशीच बसले. मला आठवलं, वजनात काटा मारणारा एक व्यापारी दुकानात यायचा. त्याला काका कपभर चहा द्यायचे आणि अगदी गप्प असायचे. मला वाटायचं, मोठा माणूस आहे म्हणून घाबरतात.

हात धुतले, लाली काही गेली नाही, आणि काकांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"असां मुद्दाम ना गो बाय," मग ते म्हणाले. "मनात नसलेल्या माणसासमोर माका सुचणाच ना. लोकांनी तेचो कायदो केलो."

"ते असू दे. उद्या सकाळी तयार राहा. कारापूरला जायचं."

"कित्याक?"

"हुमाण घालायला."

मग हळू आवाजात, "तेका सगळी जुनी येतत. नवीन व्हया. आणि काकी गेल्यापासून नवीन एकय करूक ना. बघूक कोण आसा?"

मी म्हटलं, सकाळी सातला येते, तोवर करा. फोन ठेवून उरलेली टोपली संपवली, कारण भिरंडं कुणासाठी थांबत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी व्हॅन काढून पार्सेला गेले. काका इस्त्रीचा सदरा घालून बाकावर बसलेले, दाढी करताना हनुवटीला दोन ठिकाणी कापलेलं. गाडीत बसल्यावर कोलवाळच्या पुलापर्यंत ते बोटांवर काहीतरी मोजत होते. पुलावर गाडी चढली तसे खाकरले.

"सांग गो बाय. एका घरातून एक काढलां आणि दुसऱ्या घरात घातलां. दुसऱ्या घरात एक वाढलां, ता बरोबर. पण पयल्या घरातय कमी कायच झालां ना, उलट आणि एक मिळालां. ह्यां कसां?"

मला पूल संपायच्या आत कळलं. मुलगी दिली आणि जावई आला. इतकं सोपं की काकी नक्की हसली असती. मी बाजूला पाहिलं. काका समोर बघत होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, निकाल लागायची वाट पाहणाऱ्या मुलासारखे. मी अस्नोडा येईपर्यंत गाडी चालवली. मग म्हटलं, "शी! नाही बाई येत. सांगा."

काकांनी उत्तर सांगितलं. फार खुलवून सांगितलं. मी "अगंबाई" म्हटलं.

कारापूरला मुलाचे वडील दारातच उभे होते. काका गाडीतून उतरून, चपलासुद्धा न काढता, अंगणात उभ्या उभ्या त्यांना म्हणाले, "बसू नको. आधी ऐक." आणि घातलं. त्या गृहस्थांच्या डोळ्यांत मला उत्तर लगेच दिसलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं, तिलाही आलेलं होतं, ती तोंडाला पदर लावून आत गेली. पण ते गृहस्थ खांबाला टेकले, बोटं मोजली, डोकं खाजवलं, एकदा "दोन?" म्हणाले, एकदा "नाही, नाही, थांबा." शेवटी म्हणाले, "काका, हे आज यायचं नाही. तुम्ही बसा. मला वेळ लागेल."

काका बसले. इतक्या वर्षांनी त्यांच्यासाठी कुणीतरी थांबलं होतं, आणि ते थांबणं ते अगदी सावकाश, चहासारखं पीत होते. मला मयेला खोलीतल्या पाहुण्यांचा नाश्ता करायचा होता. मी मुक्ताला फोन केला, "पोहे तू टाक," म्हटलं, आणि मुलाची आई चहाचं विचारायला बाहेर आली, तिला सांगितलं की हो, मी पण घेईन, आणि घाई नाही.